बरोबर निघालेला सल्ला

१

पंप चालू होता. ठणठणीत चालू होता, आणि सगळी भानगड तिथेच होती.

श्रीमंतने तिसऱ्यांदा बॅटरीच्या वायरी जोडल्या, घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबला आणि वायरी सोडवल्या. बादलीत बरोबर चार लिटर. काल चार, सकाळी चार, आत्ताही चार. दसऱ्याआधी हाच मुठीएवढा पंप गाडीच्या टाकीत बसवण्यापूर्वी मोजला होता, तेव्हाही चारच. आणि इंजिनाला अगदी बेफाम वेगात लागत होतं मिनिटाला तीन लिटर पेट्रोल. म्हणजे एक लिटर वरकड. तरीसुद्धा गेल्या रविवारी सकाळी, सुप्याजवळच्या शर्यतीच्या पट्टीवर, शेकडो माणसांच्या डोळ्यांदेखत ते इंजिन इंधनावाचून उपाशी मेलं होतं.

इंधन कमी आणि हवा जास्त झाली की असलं इंजिन आतल्या आत भाजून निघतं. तसंच झालं. पिस्टनला भोक पडलं, इंजिन जागच्या जागी जाम झालं आणि गाडी कठड्यावर जाऊन आदळली. गाडी करणची, म्हणजे नगरच्या एका बांधकामवाल्याच्या पोराची. स्टिअरिंगवर मात्र बिभीषण होता, श्रीमंतचा धाकटा भाऊ. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालवत गाडी शिकलेला. त्याच्या उजव्या पायाचं कौतुक पुण्याची पोरंसुद्धा करायची. ॲक्सिलेटर इतका हलका दाबणारा दुसरा कोणी नाही म्हणायची. तो पाय डॉक्टरांनी गुडघ्याखालून कापला.

पंचनामा झाल्यावर करणने गाडीचा सांगाडा ओढून आणून श्रीमंतच्या गॅरेजसमोर टाकला. "तुझं पाप तुझ्या दारात," एवढंच बोलून तो निघून गेला. गावाने तर निकाल देऊनच टाकला होता. श्रीमंतने डुप्लिकेट पंप बसवला आणि सख्ख्या भावाचा पाय घालवला. पाच दिवसांत गॅरेजकडे एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. दवाखान्यात बिभीषण भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि दादाचं नाव काढलं की डोळे मिटून घेत होता.

आणि हे सगळं आधीच सांगून ठेवणारा एक माणूस होता. शौनक. सावेडीत महागड्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा इंजिनिअर. गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने दसऱ्याच्या दोन दिवस आधीच लिहिलं होतं, 'श्रीमंत, हा पंप या गाडीला पुरणार नाही. मिनिटाला साडेपाच लिटरचा लाव.' आता लोक तो मेसेज एकमेकांना दाखवत होते आणि शौनकला ऋषी ठरवत होते.

श्रीमंतने पंप बाकावर ठेवला आणि कोपऱ्यातली टॉमी उचलली. टायर काढायची हातभर लांबीची लोखंडी कांब ती. पंप चांगला, टाकी भरलेली, गाडी उपाशी. हे कसं झालं ते त्याला कळत नव्हतं. कोणी केलं ते मात्र त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

२

नवऱ्याच्या हातात टॉमी बघून पुष्पावतीने चुलीवरचं तसंच सोडलं आणि लीना कुलकर्णींचं घर गाठलं. कुलकर्णी मॅडम सावेडीतच राहायच्या. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या. तिथे असताना त्यांनी एका चोराला नुसत्या रुमालाच्या वासावरून पकडलं होतं, अशी ख्याती होती. त्यांची म्हातारी स्कूटर श्रीमंतच्याच हाताने जिवंत राहिली होती, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं.

मॅडम स्कूटर लावून आत आल्या तेव्हा श्रीमंत गॅरेजचं शटर ओढायच्या बेतात होता.

"कुठे निघालास?"

"शौनकचं डोस्कं फोडाया."

"फोड की. पण त्याचंच फोडायचंय हे नक्की ना? नाहीतर उगाच दुसऱ्याचं राहून जायचं."

श्रीमंत शटर धरून उभाच राहिला. पुष्पावती मागून म्हणाली, "म्याडम, ह्यांना दोन दिस थांबवा. येक पाय गेला घरातला. आता ह्येबी जेलात गेल्यावर मी कुनाकुनाचे डबे न्यायचे?"

"दोन दिवस दे मला," मॅडम म्हणाल्या. "मग तू आणि तुझी टॉमी. आधी सांग, हा पंप तू निवडलास कसा?"

हा प्रश्न श्रीमंतला गेल्या पाच दिवसांत कोणीच विचारला नव्हता. सगळे 'कितीला आणला' एवढंच विचारत होते. तो स्टुलावर बसला आणि बोलता बोलता त्याचा आवाज जरा माणसात आला.

"तीन दुकानांतून तीन पंप मागवले, म्याडम. खोक्यावरचा आकडा मी वाचतच न्हाई, खोकं काय कुनीबी छापतंय. तिन्ही पंप तास-तासभर पळवले. पंप गरम झाला का मग त्याची खरी जात कळती. येक तर कुत्र्यावानी केकाटाया लागला. दुसरा गार हुता तवर चार लिटर आन तापल्यावर साडेतीन. ह्यो तिसरा तापला तरी चार. लाईनीत जेवढा दाब आसतो तेवढा दाब देऊन मोजलंय. इंजिनाला लागतंय तीन. लिटरभर जादाच ठेवावं लागतं, पंपाचं वय झालं तरी गाडी मरू नये म्हनून. आजकालच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आसतंच, त्ये धरून सांगतोय मी तीन."

"आणि शौनकने साडेपाचचा सांगितला."

श्रीमंतचा चेहरा पुन्हा कडवट झाला. शौनक आणि तो सहा वर्षांपूर्वी सुप्याच्या एका वर्कशॉपमध्ये बरोबर कामाला होते. शौनक बनावट माल अस्सल खोक्यात घालतो हे श्रीमंतने मालकाला दाखवून दिलं. शौनकची नोकरी गेली आणि ठरलेलं लग्नही मोडलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात बघत होते.

"दसऱ्याच्या आधी दोन दिस त्यानं ग्रुपवर लिव्हलं," श्रीमंत म्हणाला. "मी काय उत्तर दिलं ठावं हाय? शौनकशेठनं सांगितलेला पंप मी माझ्या पान्याच्या टाकीला पन लावनार न्हाई. लई लोक हसले."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाकावरचा पंप उचलून उलटसुलट केला. पंपाच्या तोंडाला इंधन गाळणारी कापडी जाळी असते, हातमोज्याच्या बोटाएवढी. ती नवी असताना पांढरीशुभ्र असते. ही अख्खी पिवळी धमक होती.

"ही अशी कशानं झाली?"

"हळद हाय ती. खंडेनवमीला पाने, हातोड्या मांडून आमी पूजा करतो. ह्यो पंप नवा हुता म्हनून पाटावर मांडला. दोन बोटं हळदीची, दोन कुंकवाची. दुसऱ्या दिवशी हाय तसा बसवला. पुसायचं कशाला?"

"दोन बोटं म्हणजे दोन ठिपके," मॅडम म्हणाल्या. "मग हळद जाळीभर पसरली कशी?"

"पेट्रोलात विरघळली आसंल."

मॅडमनी पंप खाली ठेवला आणि त्याच्याकडे असं बघितलं की श्रीमंतला आपण शाळेत नापास झाल्यासारखं वाटलं.

३

"पुष्पा, घरातून थोडी हळद आण," मॅडम म्हणाल्या. "आणि औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या, एकाच आकाराच्या. श्रीमंत, गाडीत थोडं तरी इंधन शिल्लक आहे का?"

टाकी तर अपघाताच्या जागीच लोकांनी आगीच्या भीतीने रिकामी केली होती. पण टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक डबीसारखं फिल्टर असतं, ते कोणी उघडलं नव्हतं. श्रीमंत सांगाड्याखाली सरपटत गेला आणि ते काढून आणलं. त्यातून अर्धा कप निघालं. रंग पिवळसर, आणि वास ओळखीचा होता तरी पेट्रोलचा नव्हता.

मॅडमनी पुढचं सगळं स्वतः केलं. आधी स्कूटरमधलं पेट्रोल वाटीत काढून चिमूटभर हळद टाकली. हळद तळाला बसली, वर किंचित पिवळी झाक आली, बस्स. मग दोन्ही बाटल्या अर्ध्यापर्यंत पाण्याने भरल्या. एकीत स्कूटरचं पेट्रोल ओतलं, दुसरीत फिल्टरमधलं. झाकणं लावून दोन्ही घुसळल्या आणि बाकावर ठेवून दिल्या.

पहिल्या बाटलीत थोड्या वेळाने पेट्रोल वर आलं, पाणी खाली राहिलं. पाण्याची रेघ मात्र जराशी वर चढली होती.

"हे तुझं वीस टक्के," मॅडम म्हणाल्या. "इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरतं, म्हणून रेघ चढते. आता दुसरी बघ."

दुसऱ्या बाटलीत रेघ शोधावी लागली. जवळजवळ सगळंच पाण्यात मिसळून गेलं होतं आणि वर पेट्रोलची कागदाएवढी पातळ साय तरंगत होती.

"स्पिरिट," श्रीमंत पुटपुटला.

"स्पिरिट. म्हणजे जवळजवळ निव्वळ इथेनॉल. एकतीस वर्षं मी याच्याच वासात जेवले आहे. हळद यात अशी विरघळते की कापड रंगवून निघावं. तुझा पंप कोणी बदलला नाही, हळदीवरून दिसतंच आहे, तुझाच आहे तो. आणि चांगलाही आहे. बदललं ते इंधन."

श्रीमंतला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. स्पिरिटवर गाडी जास्त पळते, हे शर्यतवाल्यांना माहीत असतं. पण तेवढ्याच कामाला ते पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट लागतं. तीनच्या जागी साडेचार लिटर. त्याचा पंप द्यायचा चार. निम्म्या पट्टीपर्यंत भागलं असणार. पूर्ण वेग आला आणि अर्धा लिटर कमी पडला. त्या अर्ध्या लिटरने पाय घेतला.

"बिभीषण मला म्हनला हुता," तो म्हणाला. "सरावाच्या टायमाला. दादा, गाडी लई पळायली, तुझा हात लागला म्हनून. मी खुश झालो, म्याडम. माझाच हात हाय म्हनून मी मिशीला ताव देत बसलो."

त्याने बाकावर मूठ आपटली. दोन्ही बाटल्या हलल्या, पण पडल्या नाहीत.

"कोनी टाकलं त्ये?"

४

डिस्टिलरीचे टँकर कुठे थांबतात आणि त्यांच्या तळाशी राहिलेलं स्पिरिट कोण कुणाला विकतं, हे मॅडमना झोपेतही सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंतच्या पिकअपमधून दोघं कोपरगावच्या अलीकडच्या एका धाब्यावर उतरले. तिसऱ्या टँकरखाली त्याचा ड्रायव्हर सहादेव, मॅडमच्या जुन्या ओळखीचा, पाठ टेकून तंबाखू मळत होता. मॅडमना बघून त्याने तंबाखू फेकून दिली आणि उठून उभा राहिला.

"कोणाला दिलंस?" मॅडमनी नमस्कारसुद्धा घेतला नाही.

"काय, म्याडम?"

"सहादेव, मी निवृत्त झाले आहे, माझं नाक नाही."

सहादेव सरळ झाला. दोन कॅन दिले होते, तीस-तीस लिटरचे. करणशेठला. कोजागिरीच्या सकाळी. हात धुवायला लागतंय म्हणून.

"साठ लिटर हात धुवाया?" श्रीमंत म्हणाला. "किती हात हायत त्याला?"

"मोठ्या मानसाला इचारायचं काय," सहादेव म्हणाला. "पन लागतंय त्ये सांगितलं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. फोन केल्ता त्यानं. त्याच्या आदी कदी वळख बी नव्हती."

परतीच्या वाटेवर श्रीमंत गाडी चालवत नव्हता, फेकत होता. करण! स्वतःच्या गाडीत स्पिरिट घालतो, पंप बसवणाऱ्याला सांगत नाही, आणि वर पाप माझ्या दारात? मॅडमनी दोनदा 'हळू' म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी किल्लीच फिरवली आणि गाडी विळद घाटाच्या कडेला बंद पाडली.

"करणला इंजिनातलं काय कळतं?"

"काय न्हाई. त्याला हॉर्न आन एसी कळतो."

"स्पिरिट घातल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला नवं गणित शिकवावं लागतं ना? नाहीतर ती धड सुरूही होणार नाही. ते करणने केलं?"

श्रीमंतने स्टिअरिंगवरचे हात काढले. ते काम लॅपटॉपवरचं होतं. अख्ख्या जिल्ह्यात ते करणारी माणसं दोनच. एक तो स्वतः होता.

करण त्याच्या ऑफिसात सापडला. आधी आवाज चढवला, मग मॅडमनी सहादेवचं नाव घेतल्यावर खुर्चीत खाली सरकला.

"मला शौनकने सांगितलं," तो म्हणाला. "पुण्याच्या पोरांना हरवायचं तर हाच मार्ग आहे म्हणाला. लॅपटॉपवर त्यानेच सगळं केलं. नियमात बसत नव्हतं, म्हणून कोणाला बोलायचं नाही असं ठरलं."

"आन मला? मला बी न्हाई? पंप माझा, भाऊ माझा, आन मला न्हाई?"

"अरे, मी विचारलं होतं रे त्याला! श्रीमंतचा पंप चालेल ना, म्हणून. तो म्हणाला, कोणता पंप लावायचा ते मी श्रीमंतला सगळ्यांसमोर सांगितलंय, तू काळजी करू नकोस. मला वाटलं तुमचं बोलणं झालंय. तुझं उत्तर मी वाचलं होतं, पण तुमचं नेहमीचंच चाललंय असं वाटलं. शेवटी लावलाच असशील, असं धरून चाललो."

"शौनकने ही कल्पना तुला नेमकी कधी दिली?" मॅडमनी विचारलं. त्या पुढे वाकल्या होत्या. "दिवस आठवून सांग."

"दसऱ्याला. संध्याकाळी सोनं द्यायला घरी आला होता. हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाला, तुला खरं सोनं देतो."

मॅडम मागे टेकल्या. श्रीमंतला त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसला.

५

शौनक दुकानात काउंटरमागे बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, चष्मा पुसत. मॅडम, श्रीमंत आणि त्यांच्यामागे मान खाली घातलेला करण आत आले, तेव्हा त्याने तिघांनाही बसायला सांगितलं. श्रीमंत बसला नाही. टॉमी त्याच्या हातात उघड दिसत होती.

"बिभीषणचं वाईट झालं," शौनक म्हणाला. "पण मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," मॅडम म्हणाल्या. "आणि बरोबर सांगितलं होतंस. तिथेच तू सापडलास."

शौनकने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तुझ्यासारख्या माणसाला गणित चुकत नाही. त्या गाडीला पेट्रोलवर मिनिटाला तीन लिटर पुरतात. श्रीमंतचा पंप द्यायचा चार. पेट्रोलसाठी कोणीही शहाणा माणूस हा पंप कमी आहे असं म्हणणार नाही. साडेपाचचा पंप लागतो तो फक्त स्पिरिटला. म्हणजे तू सल्ला दिलास तेव्हा टाकीत स्पिरिट जाणार हे तुझ्या डोक्यात होतं."

"होतं. मग? म्हणूनच तर मोठा पंप सांगितला. हा काय गुन्हा झाला?"

"मलाही आधी वाटलं, की तू फक्त गुपित लपवलंस. पण दिवस बघ. दसऱ्याच्या दोन दिवस आधी तू ग्रुपवर पंप सुचवलास. तेव्हा करणला स्पिरिटचा पत्ता नव्हता, सहादेवला फोन गेला नव्हता. त्याच दिवशी श्रीमंतने सगळ्यांसमोर नकार दिला. तो नकार आल्यावर, दसऱ्याला, तू करणकडे गेलास आणि स्पिरिटची कल्पना दिलीस. ज्याला गाडी जिंकायला हवी असते तो आधी इंधन ठरवतो, मग पंप. तू आधी लहान पंप पक्का करून घेतलास, मग इंधन बदललंस."

करणने मान वर केली.

"श्रीमंत तुझं ऐकणार नाही, हे तुला पक्कं माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "साडेपाचचा पंप त्याच्या मनात आला असता तरी तू सांगितल्यावर त्याने तो लावला नसता. म्हणून तू खरं सांगितलंस. खोटं सांगितलं असतंस तर पकडला गेला असतास. खरं सांगून तू पंपही लहान ठेवलास आणि दोषही त्याच्या अंगावर टाकलास. गावाने तुला ऋषी केलं."

शौनकने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग तो हसला. सहा वर्षं साठवून ठेवलेलं हसू होतं ते.

"मला वाटलं इंजिन जाईल," तो म्हणाला. "गाडी जाईल, आणि ह्याचं नाव जाईल. माझं गेलं होतं तसं. पाय जाईल असं नव्हतं वाटलं. पण मॅडम, एक सांगा. मी पेट्रोल बदललं, मान्य. पोलिसांना बोलवा. पण हाच मेसेज दुसऱ्या कोणी टाकला असता, अगदी अनोळखी माणसाने, तर ह्याने काय केलं असतं? विचारा ना त्याला. हा तीन-तीन पंप तासभर पळवून बघणारा माणूस आहे. ह्याने साडेपाच का, म्हणून उलट विचारलं असतं की नाही? एकदा तरी?"

श्रीमंतची टॉमी खांद्याच्या वर गेली.

"विचार ना," शौनक त्याच्याकडे बघून म्हणाला. "एवढा मोठा पंप कशाला, असं मला एका ओळीत विचारलं असतंस तर मी अडकलो असतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दोन दिवस वाट बघत होतो, तू विचारतोस की काय म्हणून. मला घाम फुटला होता. तू विनोद केलास."

करणने डोळे मिटून घेतले. मॅडमनी 'श्रीमंत' अशी हाक मारली, पण त्या मध्ये पडल्या नाहीत. टॉमी वर होती तिथेच राहिली. श्रीमंतला दया आली नव्हती, पोलिसांचं भय वाटलं नव्हतं, पुष्पावतीही आठवली नव्हती. समोरचा माणूस नीच होता आणि खरं बोलत होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या. त्यातली एकच फोडायची कशी ते त्याला कळेना.

६

टॉमी शेवटी कोणावर न पडताच खाली आली. पोलिसांनी शौनकला नेलं, सहादेवला नेलं आणि करणलाही बोलावून घेतलं. संध्याकाळ व्हायच्या आत तीच माणसं तोच मेसेज वेगळ्या तोंडाने एकमेकांना दाखवायला लागली. दोघं-तिघं गॅरेजवर येऊन 'आम्हाला माहीतच होतं' असंही सांगून गेले. सहा वर्षांचं वैर एका दिवसात फिटलं, असं पुष्पावतीला वाटलं. तिने नवऱ्याला अंघोळीला पाणी काढलं.

श्रीमंत अंघोळ न करताच दवाखान्यात गेला.

बिभीषणला बातमी आधीच कळली होती. आज पहिल्यांदा त्याचं तोंड भिंतीकडे नव्हतं. दादाला दारात बघून तो कोपरांवर उठायला लागला. त्याचे डोळे भरले होते.

"दादा, मला माफ कर रं. मला वाटलं तू सस्त्यातला पंप... लोक म्हनले आन मी बी मानलं. आपल्या दादावर मी..."

श्रीमंतला एवढंच हवं होतं. सहा दिवस तो याच शब्दांसाठी जळत होता. आता गप्प बसला असता तर भाऊ परत मिळाला असता आणि सगळं पाप शौनकच्या नावावर गेलं असतं. तो खाटेच्या कडेला बसला, तसा बिभीषणने त्याचा हात धरला.

"मला त्यानं सांगितलं हुतं," तो म्हणाला. "कंचा पंप लावायचा त्ये. बरोबर सांगितलं हुतं."

"पर का सांगितलं त्ये लपवलं की त्यानं."

"लपवलं. मी इचारलं असतं तर लपवता आलं नसतं. मी इचारलंच न्हाई. त्यो बोलला म्हनून इचारलं न्हाई. दुसरं कुनी बोललं असतं तर इचारलं असतं मी."

बिभीषणने हात मागे घेतला. कोपरं सोडून तो पुन्हा उशीवर पडला आणि छताकडे बघत राहिला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने सोललेलं मोसंबं तसंच हातात धरून ठेवलं होतं.

"त्याला पोलीस बघतील," बिभीषण शेवटी म्हणाला. "तुला कोन बघनार?"

श्रीमंत उशाकडची चादर सारखी करायला लागला.

"लाकडाचा पाय बशिवनार हायत. डागदर म्हनला, तीन-चार महिन्यांत चालशील. तवर तू इकडं यायचं न्हाई, दादा. चालाया लागलो का मीच येईन गॅरेजवर. मग बघू तुझं काय करायचं त्ये."

हे बोलताना त्याचा आवाज जराही चढला नाही. श्रीमंत उठला. पांघरूण जिथे सपाट पडलं होतं तिकडे त्याने एकदा नीट बघितलं, इतके दिवस त्याने तिकडे बघायचं टाळलं होतं. मग तो बाहेर आला.

व्हरांड्यात पुष्पावती डबा घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर सहा दिवसांनी पहिल्यांदा उजेड होता.

"बोलला का? काय म्हनला?"

"येतो म्हनला," श्रीमंत म्हणाला, आणि जिना उतरायला लागला.